विलायतेतील भाड्याचे घर आणि 'सी' दर्जाची अट

ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम, लंडन ही नावे कोकणातील मुस्लिम घरांत परकी वाटत नाहीत. कुणाचे चाचा तिकडे गिरणीत रात्रपाळ्या करून निवृत्त झाले, कुणाचे मामू फाउंड्रीत होते, कुणाची बहीण लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. या मंडळींनी पोटाला चिमटा घेऊन जे साठवले ते बहुतेक घरात घातले. एक घर राहायला आणि जमले तर मागच्या गल्लीतील दुसरे भाड्याने द्यायला. लाल विटांचे, शेजाऱ्याच्या भिंतीला भीत लावून उभे असलेले, रांगेतील जुने घर. त्याच्या भाड्यावर म्हातारपणाचा खर्च भागतो, गावाकडे चार पैसे येतात आणि मालकाच्या पश्चात त्या घराची वाटणी चिपळूण-महाडपर्यंत येऊन पोहोचते.

आजचे लिखाण या दुसऱ्या घराविषयी आहे. ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले की, इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्याने दिलेल्या खासगी घराला १ ऑक्टोबर २०३० पर्यंत ऊर्जा-बचतीचा किमान 'सी' दर्जा मिळवावा लागेल. सध्याची अट 'ई' दर्जाची आहे. म्हणजे दोन पायऱ्या वर चढायच्या आहेत, आणि ज्या जुन्या विटांच्या घरांत आपली माणसे प्रामुख्याने गुंतलेली आहेत तीच घरे या चढणीत मागे पडणारी आहेत. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, त्यांचा विचार येथे केलेला नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. घरमालक स्वतः ज्या घरात राहतो त्याला ही अट लागू नाही. असे घर विकताना दाखला काढावा लागतो एवढेच, दर्जा कितीही असो. "सरकार आता प्रत्येक घराची भीत फोडणार" असे सांगत दारोदार फिरणारे लोक धंद्यासाठी भीती विकत असतात, हे तिकडच्या आप्तांना कळवावे.

दर्जा ठरतो कसा

एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, बोलीभाषेत ईपीसी, हा दाखला इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून सुरू झाला आणि ऑक्टोबर २००८ पासून भाड्याच्या घरांना लागला. तो १० वर्षे चालतो. घराला १०० च्या मापावर गुण मिळतात आणि गुणांवरून 'ए' ते 'जी' असा दर्जा ठरतो. ३९ ते ५४ गुणांना 'ई', ५५ ते ६८ ला 'डी', ६९ ते ८० ला 'सी'. तेव्हा ६९ हा आकडा लक्षात ठेवावा. पुढचे सारे त्याच्याभोवती फिरते.

आपल्याकडे चांगले घर म्हणजे वारा खेळता असलेले घर. जांभ्याच्या भिंती, वर कौले, समोरासमोर खिडक्या. तिकडे वर्षातील सहा-सात महिने आतली ऊब बाहेर जाऊ न देणे हाच घराचा मुख्य धर्म. छपरातून, भिंतीतून, फळ्यांच्या जमिनीतून आणि दाराखालच्या फटीतून जी ऊब निसटते तिचे पैसे गॅसच्या बिलात मोजावे लागतात. हे पैसे भाडेकरू भरतो. म्हणूनच आजवर मालकाला त्याची झळ बसली नव्हती. नियम करण्यामागे सरकारचे एक कारण हेच आहे, आणि आमच्या मते ते रास्त आहे. आपली अनेक माणसे त्या देशात प्रथम भाडेकरू म्हणूनच उतरली होती. थंड खोलीत कोट घालून झोपणे काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मात्र दाखल्याचे गुण आजवर मुख्यत्वे घर उबदार ठेवण्याच्या खर्चावरून मिळत आले आहेत. येथे पुष्कळांची फसगत होते. तिकडे विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटच्या सुमारे चौपट महाग पडते. म्हणून भिंतीवर साधे विजेचे हीटर लावलेला फ्लॅट कितीही नीटनेटका असला तरी गुणांत मार खातो, आणि गॅसचा चांगला बॉयलर असलेले सामान्य घर पुढे जाते. लाखमोलाचे स्वयंपाकघर किंवा नव्या फरशा यांना शून्य गुण. माळ्यावर पसरलेल्या लोकरीच्या गाद्यांना गुण.

घरमालकाने पहिले काम करायचे ते फुकट आहे. सर्व दाखल्यांची नोंदवही सरकारने संगणकावर खुली ठेवली आहे. घराचा पोस्टकोड घातला की दाखला समोर येतो. त्यासाठी इंग्लंडात असण्याचीही गरज नाही. खेड किंवा श्रीवर्धनमध्ये बसलेला वारसही तो पाहू शकतो. त्यात आजचे गुण, कोणती कामे सुचवली आहेत आणि प्रत्येक कामानंतर गुण कितीवर जातील हे पायरीपायरीने दिलेले असते. समजा, घराला ६१ गुण आहेत. म्हणजे ८ गुण कमी. ते कुठून येतील हे त्या पानावर लिहिलेले असताना पुष्कळ मालक दाखला कपाटात ठेवून कंत्राटदाराला विचारत बसतात.

कागदाअभावी बुडालेले गुण

दाखला देणारा असेसर घरात तासभर फिरतो, मोजमाप घेतो, छायाचित्रे काढतो. तो भीत फोडत नाही, फळी उचकटत नाही. जे दिसत नाही आणि ज्याचा कागद नाही, ते तो घराच्या वयावरून गृहीत धरतो. १९०० च्या सुमारास बांधलेल्या घराविषयी हे गृहीतक मालकाच्या विरुद्धच जाणार.

सर्वांत मोठा फटका बसतो तो माळ्यावर खोली काढलेल्या घराला. कुटुंब वाढले तसे आपल्या अनेक लोकांनी छपराखाली खोली काढली. काम करताना छपराच्या तिरक्या बाजूंत थर्माकोलसारखे जाड तक्ते घातले, वरून प्लास्टर केले. आता ते तक्ते कुणाला दिसत नाहीत. बांधकाम पूर्ण झाल्याचा कौन्सिलचा दाखला, कंत्राटदाराचे तपशीलवार बिल किंवा काम चालू असतानाची छायाचित्रे असली तर असेसर ते धरू शकतो. नसली तर छप्पर उघडे आहे असे समजून हिशेब होतो आणि पैसे खर्चूनही गुण जातात. हीच गोष्ट भरून घेतलेल्या भिंतींची, जमिनीखाली घातलेल्या थराची. तेव्हा नवे काम काढण्यापूर्वी जुनी फाइल काढा. वडिलांच्या पेटीत पिवळी पडलेली पावती कधी कधी नव्या कामापेक्षा जास्त गुण मिळवून देते. आणि पुढे जे काम कराल त्याचे फोटो, प्लास्टर चढण्यापूर्वी, अवश्य काढून ठेवा.

जून २०२५ पासून मोजण्याची पद्धतही अधिक बारकाईची झाली आहे. खिडक्यांची मापे आता अंदाजाने न धरता प्रत्यक्ष घ्यावी लागतात. त्यामुळे जुन्या दाखल्यावर 'सी'च्या अगदी काठावर असलेले घर नव्या मोजणीत खाली येणे शक्य आहे, तसेच वर जाणेही शक्य आहे.

कामाचा क्रम

पावसाळ्यापूर्वी आपण आधी घर शाकारतो, फुटकी कौले बदलतो, मग रंगरंगोटीचा विचार करतो. तिकडच्या घराचाही क्रम हाच. गटाराची पन्हळ फुटून भिंतीवर पाणी उतरत असेल, विटांच्या सांध्यांतील चुना झडला असेल, तर ते प्रथम. ओल्या भिंतीवर उबेचा थर चढवणे म्हणजे ओल्या जखमेवर घट्ट पट्टी बांधणे.

त्यानंतर छप्पर. माळ्यावर खनिज लोकरीचा थर २७० मिलिमीटर असावा अशी शिफारस आहे. जुन्या घरांत तो अनेकदा १०० वरच थांबलेला असतो. हे काम काही शे पौंडांत होते आणि एका दिवसात होते. गरम पाण्याची टाकी असेल तर तिला जाड जॅकेट. प्रत्येक रेडिएटरला स्वतंत्र थर्मोस्टॅटचा नळ, खोलीत थर्मोस्टॅट. सर्व दिवे एलईडी. दारे-खिडक्यांच्या फटी बंद. हे किरकोळ वाटते, परंतु ६५-६६ गुणांवर अडकलेले घर एवढ्यावरही ६९ च्या आसपास पोहोचू शकते. बॉयलर जुना असल्यास तो बदलणे हा पुढचा टप्पा. एप्रिल २००५ नंतर बसवलेला बॉयलर बहुधा कंडेन्सिंग जातीचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वाफेतील उष्णताही वापरून घेणारा असतो. त्याआधीचा असेल तर तो नुसता गॅस जाळतो आहे असे समजावे.

मग येते भीत, आणि खरा पेच येथे आहे.

रस्त्यावर उभे राहून विटांची रचना पाहा. सर्व विटा लांब बाजूने मांडलेल्या दिसत असतील तर भीत बहुधा दुहेरी, मध्ये पोकळी असलेली. एक वीट लांब, एक आखूड असे दिसत असेल तर आखूड दिसणारी वीट भिंतीत आडवी घुसलेली आहे, म्हणजे भीत नऊ इंची भरीव आहे. पोकळ भिंती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकानंतर रूढ झाल्या. गिरणीकामगारांसाठी त्याआधी उठलेल्या चाळवजा रांगा भरीव भिंतींच्याच.

पोकळ भीत बाहेरून भोके पाडून भरता येते. हे काम तुलनेने स्वस्त आहे व गुणही चांगले मिळतात. या कामाला सीगा या संस्थेची २५ वर्षांची हमी मिळू शकते, ती घ्यावी. परंतु लँकेशायरसारख्या वाऱ्या-पावसाच्या मुलखात झोडपली जाणारी पश्चिमेकडील भीत भरण्यापूर्वी तिची तपासणी झालीच पाहिजे. पोकळी ठेवण्यामागचा एक हेतूच बाहेरची ओल आत येऊ नये हा होता.

भरीव भिंतीला पर्याय दोन. बाहेरून जाड थर चढवून गिलावा करणे किंवा आतून तक्ते बसवणे. बाहेरून केल्यास खर्च मोठा, शिवाय लाल विटांचे रूप झाकले जाते आणि काही भागांत कौन्सिलची परवानगी लागते. आतून केल्यास खोल्या आक्रसतात, सॉकेट, रेडिएटर, कपाटे सगळे हलवावे लागते. दोन्ही प्रकारांत काम वाईट झाले तर घर पूर्वीपेक्षा बिघडते.

ते का, हे समजण्यासाठी मुंबईच्या दमट दुपारी टेबलावर ठेवलेला बर्फाच्या पाण्याचा पेला आठवावा. पेल्याच्या बाहेर थेंब जमतात ते पेल्यातून झिरपलेले नसतात, हवेतील वाफ थंड काचेवर बसते. घरात पाच माणसे श्वास घेतात, भात शिजतो, ओले कपडे रेडिएटरवर वाळतात. ती वाफ घरातील सर्वांत थंड जागा शोधते. भिंतीला थर लावला पण खिडकीच्या कडेची चार इंच जागा सोडली, तर सारी ओल त्या चार इंचांवर येते आणि तेथे काळी बुरशी धरते. फटी बंद केल्या पण स्नानगृहात व स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला नाही, तरी तेच. ऊब अडवायची आणि वाफ सोडायची, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत.

हा प्रश्न केवळ रंग उडण्याचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे बालक घरातील बुरशीमुळे श्वास कोंडून दगावले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशीत कारण स्पष्ट नोंदले गेले. घरात हवा खेळती नव्हती हेही चौकशीत पुढे आले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक संस्थांच्या घरांना लागू झाला, आणि २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्याने तो खासगी घरांपर्यंत आणण्याची तरतूद केली आहे. म्हणजे ऊर्जेचा दर्जा सुधारण्याच्या नादात ज्याने घरात बुरशी आणली, त्याची एका नियमातून सुटका आणि दुसऱ्यात अडकवणूक.

दारावर येणारे विक्रेते

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जो अहवाल दिला तो प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवावा. सरकारी योजनांतून ज्या घरांच्या भिंतींना बाहेरून थर चढवले गेले, त्यांपैकी सुमारे ९८ टक्के कामांत दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष निघाले. आतून केलेल्या कामांत हे प्रमाण २९ टक्के होते. कामे फुकट होती, योजना सरकारी होती, तपासणीची यंत्रणा कागदावर होती, आणि तरी हे झाले. आमच्या वाचकांना एवढेच सांगणे आहे की "सरकारी" आणि "मोफत" हे दोन शब्द एकत्र आले की सही करण्यापूर्वी चहाचा एक कप जास्त प्यावा.

कंत्राटदार ट्रस्टमार्कच्या नोंदणीत आहे काय, हे त्याच्या कार्डावरून नव्हे तर नोंदणीतूनच पाहावे. आपल्या ओळखीचा, आपल्या गावचा, मशिदीत भेटणारा माणूस आहे म्हणून लेखी करार टाळू नये. ओळखीत लेखी कागद मागणे अपमानाचे वाटते खरे, परंतु काम बिघडल्यावर ओळख आणि भीत दोन्ही जातात. छपराच्या आतून फवारायचा फोम मात्र शक्यतो टाळावाच. त्यामुळे छपराच्या लाकडाची अवस्था दिसेनाशी होते आणि अशा घरावर कर्ज द्यायला अनेक कर्जसंस्था नाखूश असतात. याचा अर्थ विकताना गिऱ्हाईक कमी.

खर्चाचा हिशेब

सरकारचे वागणे मात्र सरळ रेषेचे झालेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. २०२० मध्ये 'सी' दर्जाचा पहिला प्रस्ताव आला, मुदत नव्या भाडेकरारांना २०२५ ची. सावध मालकांनी पदरमोड करून कामे केली. सप्टेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या सरकारने तो बेत गुंडाळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने तो पुन्हा मांडला, खर्चाची मर्यादा प्रत्येक घरामागे १५ हजार पौंड सुचवली. जानेवारी २०२६ मध्ये ती १० हजार झाली. असे झाल्यावर "बघू, पुन्हा बदलेल" असे लोक म्हणतात यात त्यांचा दोष नाही. आम्हाला मात्र तसे थांबणे धोक्याचे वाटते. मोठ्या खर्चाची कामे नियमावलीचा शेवटचा तपशील पाहून करावीत. माळा, फटी, पन्हळ, पंखे, नळ ही कामे कोणतेही सरकार आले तरी वाया जात नाहीत. शिवाय २०२९-३० मध्ये सर्व मालक एकदम जागे होतील तेव्हा चांगला कारागीर मिळणे कठीण आणि त्याचा भाव दुप्पट.

१० हजार पौंडांच्या मर्यादेचा अर्थ असा की तेवढा योग्य खर्च करूनही घर 'सी'ला पोहोचले नाही, तर मालकाला सूट नोंदवता येईल. स्वस्त घरांसाठी मर्यादा आणखी खाली ठेवण्याचेही धोरण आहे. सध्याच्या 'ई'च्या अटीसाठी ही मर्यादा ३,५०० पौंड आहे व नियम मोडल्यास दंड एका घरामागे जास्तीत जास्त ५ हजार. २०२५ च्या प्रस्तावात हा दंड ३० हजारांपर्यंत नेण्याचे सुचवले गेले.

एवढी रक्कम आणायची कोठून? बँका यासाठी कर्ज देतात, पण व्याज टाळणाऱ्यांची संख्या आपल्यात मोठी आहे. त्यांच्या दृष्टीने आजपासूनचा वेळ हेच भांडवल. चार वर्षांत, म्हणजे ४८ महिन्यांत, १० हजार पौंड जमवायचे तर महिन्याला सुमारे २०८ पौंड बाजूला पडतात. भाड्यातून ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकत गेल्यास व्याजाचे कर्ज घेण्याची वेळच येऊ नये. सगळा खर्च लागेलच असेही नाही.

सवलतीही आहेत. उष्णतारोधक थर, हीट पंप, सौर पट्ट्या अशा बसवून घेतलेल्या साहित्यावर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. दुहेरी काचेच्या खिडक्या त्यात येत नाहीत. गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवल्यास ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते व ते भाड्याच्या घरालाही लागू आहे. परंतु वर सांगितल्याप्रमाणे जुन्या मोजणीत वीज महाग धरली जात असल्याने हीट पंपाने गुण वाढतीलच याचा भरवसा नाही. आधी असेसरकडून हिशेब करून घ्यावा. भाडेकरूचे उत्पन्न कमी असल्यास स्थानिक कौन्सिलमार्फत मिळणाऱ्या वॉर्म होम्स अनुदानाचीही चौकशी करावी.

प्राप्तिकराच्या बाबतीत दुरुस्ती आणि सुधारणा यांतील फरक ध्यानात घ्यावा. जुनी एकेरी काचेची खिडकी काढून दुहेरी बसवणे दुरुस्तीत धरले जाते आणि त्या वर्षीच्या भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते. जेथे पूर्वी काहीच नव्हते तेथे नव्याने थर घालणे ही सुधारणा. ती आज वजा होत नाही, घर विकताना नफ्यातून वजा होते. त्यासाठीही पावती लागतेच. आपल्या हिशेबनिसाशी काम सुरू करण्यापूर्वी बोलावे.

दाखल्याची पद्धतही लवकरच बदलणार आहे. एकाच आकड्याऐवजी घराचा सांगाडा किती ऊब धरतो, तापवण्याची यंत्रणा कोणती, सौर व साठवणीची सोय आहे का, खर्च किती, अशा निरनिराळ्या बाजू त्यात दिसतील. त्या बदलापूर्वी जुन्या पद्धतीने मिळवलेला 'सी' दाखला त्याची मुदत संपेपर्यंत मान्य धरण्याचे सरकारचे धोरण आहे. दाखला १० वर्षांचा असतो हे लक्षात घेता, ज्यांचे घर आज ६५ ते ६८ गुणांवर आहे त्यांनी थोड्या कामात ६९ गाठून ताजा दाखला काढून घेणे शहाणपणाचे आहे. दाखल्याचा खर्च शंभर पौंडांच्या आसपास येतो.

भाडेकरू आणि वारस

पूर्वी मोठे काम काढायचे म्हणजे भाडेकरूला नोटीस देऊन घर रिकामे करायचे अशी पद्धत होती. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये विनाकारण घर रिकामे करवून घेण्याची वाट बंद केली गेली आहे. तेव्हा काम भाडेकरू राहत असतानाच, त्याच्या सोयीने, एकेक खोली घेऊन करावे लागेल. आधी बोलून, तारखा लिहून दिल्या तर बहुतेक लोक साथ देतात. बिल कमी होणार ते त्यांचेच.

शेवटी, गावाकडे राहणाऱ्या वारसांविषयी. तिकडचे भाड्याचे घर वडिलांच्या नावावरून चार भावंडांवर आले, दोघे रत्नागिरीत, एक दुबईत, एक बर्मिंगहॅममध्ये, अशी स्थिती अनेक कुटुंबांत आहे. मालक म्हणून जबाबदारी सर्वांची असते, पण नोटीस मात्र जो तिकडे आहे त्याच्या दारात पडते आणि खर्च तोच करत बसतो. पुढे वाटणीच्या वेळी त्यावरून बोलाचाली होतात. एका भावंडाला लेखी मुखत्यारपत्र द्यावे, भाड्यातून किती रक्कम कामासाठी राखायची हे आधीच ठरवावे आणि हिशेबाची प्रत दरवर्षी सर्वांना जावी.

सध्याच्या नियमांत सूट पाच वर्षांसाठी मिळते आणि ती सरकारी नोंदवहीत मालकानेच नोंदवायची असते. ही सूट घराला मिळत नाही, मालकाला मिळते. घर दुसऱ्याच्या नावावर गेले की ती संपते. काही ठरावीक परिस्थितीत अचानक घरमालक झालेल्या व्यक्तीला सहा महिन्यांची तात्पुरती सवड मिळते, तीही नोंदवावी लागते. वडिलांनी सूट घेतली होती म्हणून आपण सुरक्षित आहोत असे समजणाऱ्या वारसांनी नोंदवहीतील नाव एकदा पाहून घ्यावे.